आकडे जपावेत, माग पुसावेत : नेटवर्कच्या नोंदी साठवण्याचे गणित

आमोणे आणि खांडोळा यांना जोडणाऱ्या मांडवीवरील पुलावरून दिवसाकाठी किती वाहने जातात, या प्रश्नाचे उत्तर तीन प्रकारे मिळवता येते. पहिला प्रकार केवळ मोजणीचा. पुलाच्या तोंडाशी एक माणूस बसवावा आणि वाहन गेले की त्याने पाटीवर रेघ ओढावी. दुसरा प्रकार वहीचा. प्रत्येक वाहनाचा क्रमांक, ते कोठून आले, कोठे गेले आणि किती वाजता गेले, हे लिहून ठेवावे. तिसरा प्रकार झडतीचा. प्रत्येक वाहन थांबवून आतील सामानाची यादी करावी. पहिल्या कामाला एक पाटी पुरते, दुसऱ्याला वह्यांचे ढीग लागतात आणि तिसऱ्याने पूलच तुंबतो. शिवाय कोणाच्या पिशवीत काय होते, हे साऱ्या गावाला कळते, ते वेगळेच.

संगणकांच्या नेटवर्कवरील वाहतुकीचेही असेच आहे. गोव्यातील सरकारी कार्यालये आणि ग्रामपंचायती गोवा ब्रॉडबँड नेटवर्कने एकमेकांना जोडल्या गेल्या. त्यानंतर घरपट्टीची पावती, जन्माचा दाखला, जमिनीचा एक-चौदाचा उतारा अशी अनेक कामे तारेवर अवलंबून राहू लागली. आमोण्यासारख्या गावात पंचायतीचे नेट अर्धा दिवस बंद पडले, तर बागायतीतील काम टाकून आलेल्या माणसाची खेप फुकट जाते. पुढे तक्रार होते आणि सेवा देणारी कंपनी म्हणते, ‘आमची लाइन त्या दिवशी चालू होती.’ कार्यालय म्हणते, ‘बंद होती.’ हा वाद शब्दांनी मिटत नाही. त्या दिवशीची नोंद शिल्लक असेल तरच तो मिटतो. म्हणून नेटवर्कच्या नोंदी कशा, कोठे आणि किती दिवस साठवाव्यात, हा प्रश्न तांत्रिक दिसला तरी त्याचे उत्तर शेवटी सामान्य माणसाच्या पदरात पडते.

तीन नोंदी, तीन वजने

पहिल्या प्रकारच्या नोंदीसाठी राउटर आणि स्विच यांच्या प्रत्येक पोर्टवर एक मोजणीयंत्र असते. आत किती बाइट आले आणि बाहेर किती गेले, हे ते मोजत राहते. ‘एसएनएमपी’ या १९८८ पासून रूढ असलेल्या पद्धतीने देखरेखीचा सर्व्हर ठराविक वेळाने, बहुधा दर पाच मिनिटांनी, तो आकडा विचारून घेतो. त्यातून आधीचा आकडा वजा केला की त्या पाच मिनिटांतील वाहतूक कळते.

या नोंदींचे वजन किती, हे हिशेबानेच पाहावे. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. प्रत्येक पंचायतीत २४ पोर्टचा एक स्विच आहे, असे उदाहरणापुरते धरू. ४,५८४ पोर्ट, प्रत्येकाचे येणारे आणि जाणारे असे दोन आकडे आणि दिवसाला २८८ वाचने मिळून रोज सुमारे २६ लाख ४० हजार आकडे जमतात. वेळ आणि मूल्य मिळून एका आकड्याला १६ बाइट लागतात असे धरले, तर दिवसाला सुमारे ४२ मेगाबाइट आणि वर्षाला साडेपंधरा गिगाबाइटच्या आत जागा लागते. साऱ्या राज्यातील पंचायतींचे वर्ष बाजारात मिळणाऱ्या साध्या पेन ड्राइव्हमध्ये मावते.

दुसरा प्रकार प्रवाह-नोंदीचा. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर, कोणत्या सेवेसाठी, किती वाजता आणि किती बाइट गेले, याची ती नोंद असते. सिस्को कंपनीने ‘नेटफ्लो’ या नावाने ही पद्धत आणली. पुढे ‘आयपीफिक्स’ हे तिचे सर्वमान्य रूप ठरले. नेटफ्लोच्या पाचव्या आवृत्तीत एक नोंद ४८ बाइटांची असते. एखाद्या मोठ्या नेटवर्कवर सेकंदाला एक हजार प्रवाह उमटत असतील, तर दिवसाला ८ कोटी ६४ लाख नोंदी होतात. त्यांना सव्वाचार गिगाबाइटच्या जवळपास आणि १८० दिवसांना पाऊण टेराबाइट जागा लागते. हे परवडते, पण त्याचा विचार आधी करावा लागतो.

तिसरा प्रकार प्रत्येक पॅकेट जसेच्या तसे उचलून ठेवण्याचा. एक गिगाबिट वेगाची लाइन दिवसभर भरून वाहत असेल, तर एका दिवसात १०.८ टेराबाइट साचतात. बहुतेक कार्यालयांना हे पेलणारे नाही. एखादा बिघाड शोधताना काही मिनिटे ही नोंद घ्यावी आणि काम झाले की पुसावी, एवढाच तिचा उपयोग.

गोल वही आणि तिची किंमत

जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद अशी उतरंड असे. रोजचा तपशील रोजकीर्दीत, त्याचे खातेवार सार खतावणीत आणि वर्षाचा निष्कर्ष ताळेबंदात. नेटवर्कच्या आकड्यांसाठी हीच उतरंड स्वीकारणारे एक साधन १९९०च्या दशकात लोकप्रिय झाले. टोबिआस ओटिकर यांनी ‘एमआरटीजी’ नावाचा प्रोग्राम लिहिला. त्यातूनच १९९९ मध्ये ‘आरआरडीटूल’ आले. याची वही गोल असते. पाने ठरलेली असतात आणि शेवटचे पान भरले की पहिल्या पानावरील मजकूर पुसून तेथे नवा लिहिला जातो. फाइल पहिल्या दिवशी जेवढी, तेवढीच दहा वर्षांनी. हार्ड डिस्क महाग होती त्या काळात ही मोठीच सोय होती.

पण या सोयीची किंमत आहे. एमआरटीजीच्या मूळ मांडणीत पाच मिनिटांच्या नोंदी जेमतेम दोन दिवस टिकतात. त्यानंतर अर्ध्या तासाची सरासरी सुमारे दोन आठवडे, दोन तासांची सरासरी सुमारे दोन महिने आणि दिवसाची सरासरी दोन वर्षे राहते. म्हणजे पंधरवड्यानंतर तक्रार तपासायला बसलेल्या अधिकाऱ्यासमोर दोन-दोन तासांच्या सरासऱ्याच उरतात.

सरासरी काय लपवते, हे मांडवीकाठच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. खाजन शेतीचा बांध नदीच्या सरासरी पातळीने फुटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीने तो फुटतो. मानशीच्या फळ्या किती उंच हव्यात, हे सर्वांत मोठ्या पाण्यावरून ठरवतात, महिन्याच्या सरासरीवरून नव्हे. नेटवर्कवरही तेच घडते. १०० मेगाबिटची लाइन सकाळी वीस मिनिटे पूर्ण तुंबली आणि एरवी २० मेगाबिटवर चालली, तर दोन तासांची सरासरी ३३ दिसते आणि दिवसाची सरासरी २१. कागदावर लाइन निवांत दिसते, पण त्या वीस मिनिटांत खिडकीपाशी उभ्या असलेल्या दहा माणसांनी जे भोगले, त्याचा मागमूस उरत नाही. आरआरडीटूलमध्ये सरासरीबरोबर कमाल मूल्यही साठवता येते. मात्र ते वही आखतानाच सांगावे लागते. पुसून गेलेली कमाल मूल्ये नंतर कितीही इच्छा झाली तरी परत मिळत नाहीत.

पैशांचाही प्रश्न आहे. मोठ्या इंटरनेट जोडण्यांचे देयक पुष्कळदा ‘पंचाण्णव टक्के’ या रीतीने आकारले जाते. तीस दिवसांच्या महिन्यात पाच मिनिटांची ८,६४० वाचने होतात. त्यांतील सर्वांत वरची पाच टक्के, म्हणजे ४३२ वाचने किंवा ३६ तास, सोडून दिले जातात आणि त्याखालच्या आकड्यावर पैसे लागतात. मूळ वाचने ग्राहकाने जपली नसतील, तर कंपनीने पाठवलेले देयक पडताळण्याचे साधनच त्याच्याकडे राहत नाही.

कपाट कोणते घ्यावे?

आज आरआरडीटूलशिवाय निदान तीन पर्याय समोर असतात. पहिला, कार्यालयात आधीच असलेला मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसक्यूएलसारखा नेहमीचा डेटाबेस. तो ओळखीचा असतो आणि पोर्टची नावे, ठिकाणे, कोणता स्विच कोणत्या पंचायतीत आहे, अशा माहितीसाठी उत्तमच. पण पाच-पाच मिनिटांचे आकडे त्यात ओळीओळीने भरत गेले की प्रत्येक ओळीसोबत सूची आणि इतर बोजा वाढतो. १६ बाइटांच्या आकड्याला शंभर बाइटही लागू शकतात. आणखी मोठी अडचण पुसण्याच्या वेळी येते. कोट्यवधी ओळींतून जुन्या ओळी वेचून काढताना सर्व्हर गुदमरतो. त्यासाठी महिन्यागणिक वेगळे तक्ते करावेत आणि मुदत संपली की पूर्ण तक्ताच काढून टाकावा, हा साधा उपाय आहे. पोस्टग्रेसक्यूएलवर उभे असलेले ‘टाइमस्केल-डीबी’ हेच काम आपोआप करते.

दुसरा पर्याय ‘प्रोमिथियस’ किंवा ‘इन्फ्लक्स-डीबी’ यांसारख्या, वेळेनुसार येणाऱ्या आकड्यांसाठीच घडवलेल्या डेटाबेसचा. लागोपाठच्या वाचनांत फरक थोडाच असतो, या साध्या निरीक्षणाचा ते लाभ घेतात आणि पूर्ण आकड्याऐवजी फरक तेवढा लिहितात. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या ‘गोरिला’ या पद्धतीत १६ बाइटांचा आकडा सरासरी १.३७ बाइटांत बसवला गेला. तेवढे आकुंचन साधले, तर वर उदाहरणादाखल काढलेले १९१ पंचायतींचे वर्षाचे साडेपंधरा गिगाबाइट दीड गिगाबाइटच्याही आत येतात. म्हणजे पाच मिनिटांच्या नोंदी दोन दिवसांत पुसण्याचे जुने कारण आता उरलेले नाही.

तिसरा पर्याय प्रवाह-नोंदींसाठी. त्यांचा प्रश्न निराळा. ‘काल दुपारी कोणत्या सेवेने लाइन खाल्ली?’ असे विचारले की कोट्यवधी नोंदींतील दोन-तीनच रकाने चाळावे लागतात. ओळीऐवजी रकाना एकत्र साठवणारे ‘क्लिकहाउस’सारखे डेटाबेस येथे उपयोगी पडतात. लहान कार्यालयाला एवढेही नको. ‘एनएफडम्प’सारखे साधन दर पाच मिनिटांची एक फाइल करून ठेवते आणि मुदत संपली की फाइल पुसली जाते. एकाच कपाटात सर्व काही कोंबण्याचा मोह टाळावा. आकडे एका जागी आणि प्रवाह-नोंदी दुसऱ्या जागी ठेवल्या, तर प्रत्येकाची मुदत आणि किल्ली वेगळी राखता येते.

चतुर्थी, पाऊस आणि रिकामी ओळ

किती दिवस साठवावे, याचे उत्तर गोव्याचे पंचांगही देते. चतुर्थीच्या दिवसांत बाहेरगावी असलेले गावकरी घरी येतात आणि गावातील नेटवर्कचा भार बदलतो. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली. ‘गेल्या वर्षी याच तारखेला काय होते?’ ही तुलना येथे फसते. तुलना तिथीशी करायची, तर मागील वर्षाचा पूर्ण तपशील हाताशी हवा. म्हणून पाच मिनिटांच्या नोंदी वर्षभर नव्हे, तर निदान तेरा-चौदा महिने ठेवाव्यात. जागेचा खर्च पाहता त्या याहून अधिक काळही ठेवता येतील.

पावसाळ्यात आणखी एक प्रश्न उभा राहतो. झाडाची फांदी वीजवाहिनीवर कोसळते, वीज जाते, स्विच बंद पडतो आणि वाचन येत नाही. काही साध्या प्रोग्राममध्ये अशा वेळी शून्य लिहिले जाते. ही गंभीर चूक आहे. ‘लाइन चालू होती, पण कोणी वापरली नाही’ म्हणजे शून्य. ‘काय झाले ते कळले नाही’ म्हणजे रिकामी ओळ. तक्रारीचा निकाल या दोहोंच्या फरकावर ठरतो. साठवणीची पद्धत निवडताना ती रिकामी ओळ रिकामीच ठेवते का, हे पहिल्याच दिवशी तपासावे.

वीज असताना केवळ फायबर तुटली, तर गावातील स्विच मोजत राहतो. जोडणी परत आली की मधल्या काळातील एकूण बेरीज मिळू शकते. मात्र जुन्या ३२ बिटांच्या मोजणीयंत्राला मर्यादा आहे. १०० मेगाबिटच्या भरलेल्या लाइनवर ते पावणेसहा मिनिटांत आणि एक गिगाबिटवर ३४ सेकंदांत फिरून पुन्हा शून्यावर येते. दोन वाचनांच्या मध्ये यंत्र किती वेळा फिरले, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून स्विचकडून ६४ बिटांचा आकडाच मागवावा. कपाट कितीही भारी असले, तरी आत ठेवलेला आकडा खोटा असेल तर उपयोग नाही.

कायद्याची मुदत, माणसाचा माग

काही मुदती कायद्याने ठरल्या आहेत. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपल्या संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवायचे आहेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत ती कळवायची आहे. यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची, असेही त्यात आहे. घड्याळ सात मिनिटे पुढे असलेल्या राउटरची नोंद पुरावा म्हणून लंगडीच ठरते. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून परवानाधारक कंपन्यांना असे तपशील निदान दोन वर्षे ठेवण्यास सांगितले.

दुसऱ्या बाजूने २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो, ती कामापुरतीच घ्यावी आणि काम संपल्यावर, अन्य कायद्याने ती ठेवणे बंधनकारक नसेल तर, पुसावी, असे त्याचे सूत्र आहे. पोर्टच्या मोजणीत माणूस नसतो. प्रवाह-नोंदीत मात्र तो असतो. अमुक पत्त्यावरील संगणक रात्री कोणत्या बँकेच्या, कोणत्या रुग्णालयाच्या किंवा कोणत्या पक्षाच्या संकेतस्थळाशी बोलला, हे त्यातून कळू शकते. गाव लहान असले की पत्त्यामागचा माणूस ओळखायला वेळ लागत नाही.

नेमकी येथेच पुष्कळ ठिकाणी उलटी रीत दिसते. स्वस्त आणि निरुपद्रवी आकडे साधनाच्या मूळ मांडणीप्रमाणे दोन दिवसांत पुसले जातात आणि माणसांचा माग सांगणाऱ्या जड नोंदी ‘कधीतरी लागतील’ म्हणून वर्षानुवर्षे साचत राहतात. योग्य रीत याच्या उलट आहे. आकडे दीर्घकाळ जपावेत. माग मात्र कायद्याने सांगितलेल्या मुदतीपुरताच, कुलूपबंद ठेवावा आणि मुदत संपल्यावर न चुकता पुसावा.

पर्वरीचा धडा

जपणे म्हणजे केवळ साठवणे नव्हे, हे गोव्याने जून २०२२ मध्ये पाहिले. जलस्रोत खात्याच्या पूर-निरीक्षण प्रणालीच्या पर्वरी येथील सर्व्हरवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला. राज्यातील प्रमुख नद्यांवरील १५ केंद्रांवरून येणारी पाण्याची पातळी आणि पावसाची माहिती ज्या सर्व्हरवर जमत होती, त्यावरील फाइली कुलूपबंद झाल्या आणि त्या सोडवण्यासाठी क्रिप्टोचलनात खंडणी मागितली गेली. पावसाळा नुकताच सुरू झाला होता. साखळी आणि डिचोली या पुराशी जुनी ओळख असलेल्या गावांना नदीच्या पातळीचे मोल पुरेपूर माहीत आहे.

ती नोंद नदीच्या पाण्याची होती, नेटवर्कच्या वाहतुकीची नव्हे. पण साठवणीचा धडा एकच. पाच-पाच मिनिटांनी येणारे आकडे एकाच सर्व्हरवर असतील आणि त्यांची प्रत त्याच सर्व्हरला जोडलेली असेल, तर कुलूप पडते तेव्हा दोन्हींवर पडते. संगणक जगतात यासाठी ‘तीन-दोन-एक’ असा संकेत आहे. प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी. त्यातील निदान एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण अलग असावी. वर्षाचे आकडे पेन ड्राइव्हमध्ये मावत असतील, तर ते न ठेवण्याला सबब उरत नाही. आणि वर्षातून एकदा ती प्रत उघडून वाचून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, केवळ समजूत असते.

देखरेखीच्या नोंदींना आणखी एक महत्त्व आहे. हल्लेखोर आत कोठून आला, कोणत्या यंत्रावरून कोठे गेला आणि बाहेर किती माहिती नेली, हे शोधण्याचा आधार या प्रवाह-नोंदीच असतात. त्या ज्या सर्व्हरवर आहेत त्यालाच कुलूप पडले, तर चोराबरोबर पाऊलखुणाही गेल्या. म्हणून या नोंदी ज्या यंत्रांची पाहणी करतात, त्यांच्यापासून दूर आणि वेगळ्या किल्लीखाली ठेवाव्यात.

आधी प्रश्न, मग कपाट

सारांश असा की, डेटाबेसचे नाव हा शेवटचा निर्णय असतो, पहिला नव्हे. आधी कार्यालयाने चार प्रश्न कागदावर लिहावेत. मागची तक्रार किती दिवसांनी येऊ शकते? देयक कोणत्या आकड्यावर ठरते? कायदा किती दिवसांची नोंद मागतो? आणि ही नोंद कोण उघडू शकेल?

उत्तरे मिळाली की मांडणी आपोआप दिसते. पोर्टचे पाच मिनिटांचे आकडे निदान तेरा महिने मूळ स्वरूपात ठेवावेत. त्यानंतर दिवसाची सरासरी आणि कमाल दोन्ही अनेक वर्षे राहू द्यावीत. प्रवाह-नोंदी कायद्याच्या मुदतीएवढ्या ठेवाव्यात आणि त्या कोणी, कधी, कशासाठी उघडल्या, याची वेगळी नोंद असावी. पॅकेटची झडती केवळ बिघाडाच्या वेळी आणि लेखी परवानगीने घ्यावी. सर्वांची एक प्रत दुसऱ्या गावी असावी.

आमोण्याच्या पंचायतीत उतारा घ्यायला आलेल्या माणसाला या वह्या कधी दिसणार नाहीत, दिसण्याचे कारणही नाही. पण त्याने ‘अमुक दिवशी नेट नव्हते’ म्हटले, तर त्या दिवसाचे पान उघडून त्याचे खरे-खोटे करता आले पाहिजे. आणि त्याच पानावर, तो माणूस त्या दिवशी नेटवर काय पाहत होता, हे मात्र लिहिलेले नसावे. चांगल्या नोंदवहीकडून गावाने एवढीच अपेक्षा ठेवावी.